सरदार आणि सात कालवडी

९ जानेवारी

वन्सं,

फोन मधल्या खोलीत आणि फोनशेजारी सासूबाईंची खुर्ची, त्यामुळे जे विचारायचं ते पत्रातच विचारते.

तुमचे दादा गेले त्याला परवा सात महिने झाले. गोठा चालला आहे. तेरा गायींचं दूध वेळेवर जातं, चारा भरून ठेवलाय, सासूबाईंचा गुडघा जसा होता तसाच आहे. मी पडले शिवणकाम करणारी बाई. पहिले दोन महिने गायीच्या मागून जायलासुद्धा भीत होते. आता गायीच मला बघून बाजूला होतात, म्हणजे एकतर मी शिकले नाहीतर त्यांना माझी दया येते.

प्रश्न कालवडींचा आहे. ह्यांनी दोन वर्षांपूर्वी बाहेरून आणलेल्या त्या सात जणी आता माजावर येऊ लागल्यात. आपल्याकडे मोठा काटा नाही म्हणून मी माझी शिवणाची टेप घेतली आणि सगळ्यांची छाती मोजली. पासष्ट ते सदुसष्ट इंच भरते. हरणीने मोजू दिलं नाही, तिची अंदाजाने लिहिली. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, वयात आल्यात, आता उशीर करू नका.

तर वळू कोणता? सरदार दारातच उभा आहे. मोठ्या गायींना त्याची वासरं झाली, एकही अडली नाही. दुसरा म्हणजे कालव्यापलीकडच्या शेतकऱ्याचा, पण तो इतका किडकिडीत की लांबून बकरा वाटतो. तिसरं म्हणजे डॉक्टरांकडून कृत्रिम रेतन करून घ्यायचं. सासूबाई म्हणतात, "माझ्या लेकाने हाताने वाढवलेला वळू असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?" मलाही आतून तेच वाटतं. तो ह्यांच्या हातून खायचा, आता माझ्या हातून खातो.

तुम्ही बारा वर्षं वळूकेंद्रात लेखनिक, वळूंच्या नोंदी लिहिता. घरात तुमच्याइतकं कोणाला कळतं? सरदारला कालवडींत सोडू का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.

तुमची वहिनी


२१ जानेवारी

वहिनी,

पत्र वाचून बरं वाटलं. टेपची युक्ती चांगली आहे. आमच्याकडच्या तक्त्याप्रमाणे पासष्ट इंच छाती म्हणजे सव्वातीनशे किलोच्या पुढेमागे. पहिल्या वेतासाठी ते पुरेसं आहे.

वळूबद्दल विचारलंत. आमच्या कार्यालयाची पद्धत अशी, की कालवडींसाठी वळू बघताना त्याच्या रुबाबाकडे बघायचं नाही. तो स्वतः जन्मला तेव्हा वजन किती होतं, त्याची वासरं केवढी होतात, किती कालवडी सुखरूप व्यायल्या, हे बघायचं. पहिल्यांदा विणाऱ्या जनावराची वाट अरुंद असते. लहान वासरू देणारा, खांद्यात बारीक वळू सोयीचा पडतो. हे सर्वसाधारण झालं. प्रत्येक वळूला ते लागू होतंच असं नाही.

सरदारबद्दल मी काय सांगणार? दादाने त्याला लेकरासारखा वाढवला. दादाच्या हाताखालचं जनावर, त्यात वाईट काय असणार? मोठ्या गायींना त्रास झाला नाही असं तुम्ही म्हणताच आहात. तरी कालवडी त्या कालवडी, सगळ्या बाजूंनी विचार करा. तिथे तुम्ही आहात, जनावर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. दादालाही तेच आवडलं असतं.

आईला गुडघ्याला शेक द्यायला सांगा. माझं इथे ठीक आहे. खिडकीतून वळूंचं आवार दिसतं आणि दिवसभर टेबलावर कार्डं असतात. दिवस जातो.

तुमची
वन्सं


६ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या पत्राने जीव भांड्यात पडला. "दादाच्या हाताखालचं जनावर, त्यात वाईट काय असणार" हे वाक्य मी सासूबाईंना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनीच मागितलं.

दोन तारखेला सकाळी सरदारला खालच्या कुंपणात सोडला. तुम्हाला सांगते, नवरदेवासारखा चालत गेला. कालवडी आधी कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या राहिल्या, मग ठिपकी पुढे आली. ठिपकी म्हणजे सगळ्यांत चांगली, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. ती कोणालाच घाबरत नाही. सासूबाई गुडघा विसरून कुंपणापर्यंत चालत आल्या. तिथे वरच्या बांबूला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याने हे बघायला हवं होतं."

आठ महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी ह्यांचं काहीतरी पुढे नेतेय, नुसतं राखत बसलेली नाही. तुम्ही नसतात तर धीर झाला नसता.

तुमची वहिनी


१८ फेब्रुवारी

वहिनी,

घाईत लिहिते आहे. सरदारला आता कुंपणातून बाहेर काढा. एवढ्या जनावरांत सलग ठेवला की वळू थकतो. त्याला विश्रांती हवी. लगेच काढा.

वन्सं


३० मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सरदारला बाहेर काढला. दहा दिवस आराम दिला, वरून पेंड दिली. टवटवीत झाला. मग पुन्हा सोडला. तुमचं लक्ष किती बारीक, मी सासूबाईंना म्हटलं सुद्धा, की इतक्या लांबून वळू थकल्याचं ह्यांना कळतं.

आता सगळं आटोपलंय असं वाटतं. सहा जणी पुन्हा माजावर आल्या नाहीत. सातवी, मुकी, रिकामीच राहिली. तिला वळूच आवडला नाही. सरदार जवळ आला की ही खाली बसायची. सासूबाई म्हणतात, खोडच आहे तिची.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली विईल असा हिशेब निघतो. तेव्हा रजा काढून याल का? जूनमध्ये तुमच्या दादांच्या वर्षश्राद्ध-बिद्धाचं मी काही ठेवणार नाही. वासरं बघायला या.

तुमची वहिनी


१८ सप्टेंबर

वन्सं,

मध्ये तुमचं एकही पत्र नाही. फोनवरही तुम्ही सासूबाईंशी दोन वाक्यं बोलून ठेवता. कामाचा ताण असेल.

कालवडींची पोटं फार मोठी दिसतायत. हरणी तर चालताना दोन्ही बाजूंनी हलते. शेजारणीने विचारलं, जुळी आहेत का? सासूबाई खूश आहेत, रोज स्वतःच्या हाताने पेंड घालतात. मला मात्र टेप घेऊन मोजावंसं वाटत नाही. अजून दोन महिने आहेत. पहिल्या वेताला पोट एवढं दिसतं का? तुम्ही सांगितलंत म्हणजे मनाला समजावता येईल.

तुमची वहिनी


१ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र मी जानेवारीत लिहायला हवं होतं.

सरदार जन्मला तेव्हा मी घरी आले होते, तुम्ही माहेरी गेला होतात. त्याची आई पाचव्या वेताची, थोराड गाय. तरी दादाला आणि गड्याला मिळून दोर ओढावा लागला. वासरू बाहेर आल्यावर मी ते गोणीत घालून चाऱ्याच्या काट्याला टांगलं. सत्तेचाळीस किलो भरलं. आमच्याकडे कालवडींसाठी जन्मवजन तीस किलोच्या वर असलेला वळू लावत नाहीत. मी दादाला तिथेच म्हणाले, हा मोठा होईल, देखणा होईल, जुन्या गायींना चालेल, पण कालवडींना कधी लावू नकोस. तो हसला. दोन वर्षांनी त्याने तुमच्या त्या सात कालवडी आणल्या आणि यांना सरदारच, असं म्हणाला. तेव्हा आमचं जोरात वाजलं. तो म्हणाला, "तू कागद सांभाळ, जनावरं मी सांभाळतो." मी म्हणाले, "या वळूपायी एक दिवस रडशील." त्यानंतर आम्ही बोललोच नाही. मग गेल्या वर्षी जूनमध्ये तुमचा फोन आला, की चारा उतरवताना तो खाली बसला आणि उठलाच नाही.

तुम्ही हो किंवा नाही विचारलं होतं. मी चार कागद फाडले. पहिल्या कागदावर एकच शब्द लिहिला होता, नाही. तो बघितला आणि वाटलं, गेलेल्या माणसाशी मी अजून भांडतेच आहे. त्याच्या बायकोला सांगतेय की तो चुकला होता. म्हणून सर्वसाधारण, कार्यालयाची पद्धत, सगळ्या बाजूंनी विचार करा, असं गुळमुळीत लिहिलं. मनात म्हटलं, हुशार आहेत, ओळींच्या मधलं वाचतील. नवरा गेलेल्या बाईने ओळींच्या मधलं वाचावं, ही अपेक्षा कोण करतं?

फेब्रुवारीत तुमचं पत्र आलं तेव्हा तरी खरं सांगायचं. तेव्हा डॉक्टरांना बोलावून गर्भ पाडता आले असते. ते लिहायचं म्हणजे आधीचं कबूल करायचं. मी विश्रांतीची थाप मारली. तुम्ही ती खरी मानून त्याला ताजातवाना करून परत सोडलात. ते पत्र वाचून मी टेबलावर डोकं ठेवून बसले होते. समोरच्या लेखनिकाने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

आता जे करता येईल ते. पेंड बंद करा, पण चारा तोडू नका. रोज चालवा. डॉक्टरांना आजच सांगून ठेवा, की सहा कालवडी मोठ्या वळूपासून गाभण आहेत. दोन स्वच्छ सुती दोर उकळून ठेवा. पाण्याची पिशवी फुटून तासाभरात पाय दिसले नाहीत तर थांबू नका, त्यांना बोलवा. मी रजा मागितली आहे. वीस नोव्हेंबरच्या आत मिळत नाही म्हणतात.

आईला हे वाचून दाखवू नका. ते माझं मी सांगेन.

वन्सं


१७ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं होतं. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. शेवटी ते टेपच्या डब्यात ठेवून दिलं.

डॉक्टरांना सांगितलं होतं. दोर उकळले होते. अकरा तारखेला दुपारी हरणीने सुरुवात केली. पाय दिसले, माझ्या मनगटाएवढे जाड. पुढे काही सरकेना. डॉक्टर दीड तासाने आले, आम्ही चौघांनी ओढलं. वासरू मेलेलं. खालून काटा आणून मोजायची माझी इच्छा नव्हती, पण डॉक्टरांनी मोजलं. त्रेचाळीस.

हरणीच्या मागच्या पायांतली ताकद गेली. पाच दिवस आम्ही तिला गवताच्या गादीवर ठेवली, दिवसातून चार वेळा कुशीवर वळवली. ती पुढचे पाय टेकायची, अर्धी उठायची आणि बसायची. काल डॉक्टरांनी सुई देऊन तिला सोडवलं. शेवटपर्यंत खात होती, हेच मला बघवलं नाही.

सासूबाई म्हणतात, नशीब.

अजून पाच बाकी आहेत. तुम्ही याल तेव्हा आपण दोघी काय बोलणार, मला माहीत नाही. पण या. मला आणखी दोन हात हवेत.

वहिनी


२८ डिसेंबर

वहिनी,

काल कामावर रुजू झाले. महिनाभर एका गोठ्यात वावरलो, एका टेबलावर जेवलो, आणि गायींखेरीज कशावर बोललो नाही. म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहिते. नाहीतर माझी पुन्हा तीच गत होईल.

पहिल्या दोघी सुटल्या तेव्हा मला वाटलं होतं, निभावलं. एका वासराने तर तासाभरात उभं राहून दूध शोधलं आणि तुम्ही हसलात. महिन्यात तेवढंच एकदा. तिसरीचं पोट फाडून डॉक्टरांनी वासरू जिवंत काढलं, तेव्हाही वाटलं, आता दिवस पालटले. मग ठिपकी.

तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होतात, तुम्हाला मागचं दिसत नव्हतं. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले, निरोप पाठवून दोन तास झालेले. वासराचं डोकं माझ्या हाताला लागत होतं. मी तोंडात बोट घातलं तर त्याने चोखलं. जिवंत होतं. खांदे अडकले होते. मी वळवून पाहिलं, ढकलून पाहिलं, तेल लावून पाहिलं. बारा वर्षं मी कार्डावर "अवघड वेत" असा शिक्का मारते आहे. त्या शिक्क्याच्या आत काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. थोड्या वेळाने त्याने बोट चोखणं थांबवलं. मी तुम्हाला ते सांगितलं नाही, कारण ठिपकी अजून श्वास घेत होती आणि तुम्ही तिच्याशी बोलत होतात. तुम्ही तिला म्हणत होतात, "झालंच आता, झालंच." मला वाटलं, तुम्हाला आणखी थोडा वेळ मिळू दे. म्हणजे बघा, तेव्हाही मी लपवलंच.

आईला मी निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. तुम्ही डेअरीत गेला होतात. ती खुर्चीत बसली होती, मी खाली जमिनीवर. काट्याचं, भांडणाचं, पत्राचं, सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल किंवा दादाची बाजू घेईल. ती म्हणाली, "सत्तेचाळीस मला माहीत आहे. तू गोणी टांगलीस तेव्हा कंदील धरून मीच उभी होते." मी विचारलं, "मग तू का नाही बोललीस?" म्हणाली, "मला माझ्या लेकाचा वळू हवा होता. तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं." मग म्हणाली, "पण तिने ऐकलं असतं."

एवढंच. त्यानंतर तिने मला चहा करायला सांगितला.

ठिपकीनंतरची शेवटची कालवड वाचली, पण तिचं वासरू मेलेलंच आलं. सहांपैकी दोन कालवडी आणि तीन वासरं गेली. त्यात दोष सरदारचा नाही. त्याला विकू नका. जुन्या गायींना तो चांगलाच आहे. दोष दादाचाही म्हणता येत नाही, त्याने त्यांना लावला नव्हता. लावला तो माझ्या पत्राने.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला ती द्यावी लागेल, आणि तुम्हाला आधीच फार कामं आहेत.

वन्सं


१९ जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र मी सावकाश वाचलं. बोट चोखल्याचं तुम्ही लिहिलं नसतंत तर बरं झालं असतं, असं दोन दिवस वाटलं. आता तसं वाटत नाही.

तुम्ही सगळा भार स्वतःच्या डोक्यावर घेताय. त्यातला अर्धा माझा आहे, तो मला परत द्या.

गेल्या जानेवारीत डॉक्टर कालवडी बघून गेले, वयात आल्यात म्हणाले, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. ते खरं होतं, पण अर्धं. हात धुता धुता त्यांनी पुढचंही सांगितलं होतं. म्हणाले, "हा दांडगा यांना लावू नका. पलीकडचा बारका लावा, नाहीतर मी रेतन करतो." इतक्या साध्या शब्दांत. मी हो हो म्हटलं, त्यांना टॉवेल दिला आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला पत्र लिहायला बसले.

मी तुम्हाला सल्ला विचारलाच नव्हता, वन्सं. मला डॉक्टरांवर कुरघोडी करणारं कोणीतरी हवं होतं. तुम्ही वळूकेंद्रातल्या, ह्यांच्या बहीण, तुमचा शब्द वर ठेवला की डॉक्टरांचा खाली जातो. तुमच्या पत्रात कालवडींसाठी बारीक वळू सोयीचा, असं स्वच्छ लिहिलं होतं. तेवढी ओळ मी सासूबाईंना वाचून दाखवली नाही. मला हवी ती ओळ दोनदा वाचली.

ह्यांचा वळू कालवडींत चालत जाताना मला बघायचा होता. त्यासाठी हरणी गेली, ठिपकी गेली. हे मी डॉक्टरांनासुद्धा बोलून दाखवलेलं नाही. ते कधी विचारतही नाहीत. येतात, काम करतात, टॉवेलला हात पुसतात. एकदा जरी म्हणाले असते की सांगितलं होतं ना, तर सोपं गेलं असतं.

जगलेल्या चौघी दूध देतायत. पोट फाडलेली जरा कमी देते. सरदार इथेच आहे, जुन्या गायींपुरता. मी त्याला अजून हाताने खायला घालते. त्याला काय माहीत?

सध्या काही दिवस पत्र नको. राग नाही. पण तुमचं अक्षर पाकिटावर दिसलं की मी ते उघडायचं दिवसभर टाळते, आणि माझं दिसलं की तुम्हीही टाळत असणार.

वहिनी


४ मे

प्रति,
नोंदणी विभाग,
वळूकेंद्र

विषय : पहिल्या वेताच्या कालवडींसाठी वळूची माहिती मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

माझ्या गोठ्यात सहा कालवडी या वर्षी फळवायच्या आहेत. पाच जणी घरच्याच वळूच्या मुली असल्यामुळे तो वळू त्यांना चालत नाही, आणि तसाही तो कालवडींना योग्य नाही. सहावी गेल्या वर्षी रिकामी राहिली होती. सगळ्यांची छाती टेपने मोजली आहे, चौसष्ट ते अडुसष्ट इंच. स्थानिक डॉक्टर रेतन करायला तयार आहेत.

आपल्याकडील कोणता वळू योग्य, त्याचं जन्मवजन किती, आतापर्यंत किती कालवडी त्याच्यापासून व्यायल्या, त्यांतल्या किती अडल्या आणि किती दगावल्या, हे आकडे कळवावेत. वळूत काही खोट असेल तर तीही कळवावी.

याआधी मी घरच्या माणसाला विचारलं होतं. घरची माणसं मन राखतात. म्हणून या वेळी कार्यालयाला विचारत आहे.

आपली,
एक गोठेवाली


१२ मे

प्रति,
अर्जदार

आपला अर्ज मिळाला. आपल्या कालवडींसाठी या केंद्रातील एकतीस क्रमांकाचा वळू योग्य आहे.

जन्मवजन सव्वीस किलो. आतापर्यंत त्याच्यापासून दोनशे अठरा कालवडी व्यायल्या. त्यांपैकी नऊ जणींना हाताने मदत करावी लागली, दोघींना डॉक्टर लागले. कालवड एकही दगावलेली नाही. वासरं चार दगावली, त्यातली तीन अडण्यामुळे नव्हे, नंतरच्या आजाराने. वासराचं सरासरी वजन सत्तावीस किलो.

खोट विचारलीत. दिसायला अगदी सामान्य आहे. मान बारीक, खांदे उतरते, बघायला आलेले लोक त्याच्यासमोर थांबत नाहीत. त्याच्या मुलींचं दूध मध्यम असतं. स्वभावाने तापट आहे, गेल्या वर्षी त्याने एका नोकराचा पाय मोडला. ज्यांना पुढच्या पिढीत उंच, भरदार जनावर हवं असेल त्यांनी हा घेऊ नये.

चौसष्ट इंच भरणारी जी कालवड आहे ती आणखी दोन महिने थांबवा. बाकीच्या पाचांना हरकत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत पेंड वाढवू नका. पहिली विईल तेव्हा डॉक्टर गावात असतील याची आधी खात्री करा.

या वळूबद्दल कार्यालयाला जे माहीत आहे ते सगळं वर लिहिलं आहे. आकडे मी स्वतः मूळ कार्डांवरून दोनदा तपासले.

लेखनिक,
नोंदणी विभाग